"जरा गावठी वाटतंय" असा शेरा मारला आणि मुलगी क्लासला यायचीच बंद झाली

पत्र:

ताई, मी पुण्यातून एका संस्थेचा ऑनलाइन फॅशन डिझाइनचा एक वर्षाचा डिप्लोमा शिकवते. बॅचमध्ये ३८ जण आहेत, येवला, सोलापूर, नागपूर, पुसद, वसई, इचलकरंजी, डहाणू, एक तर दुबईहून. मागे मी ऑटम-विंटर कलेक्शनचा मूडबोर्ड, म्हणजे कल्पना दाखवणारा फोटोंचा फलक, करायला दिला तर सगळ्यांनी तेच तेच फोटो लावले, पानगळ, दगडी रस्ते, लांब कोट. फक्त पुसदजवळच्या तांड्यावरच्या एका मुलीने आजीच्या फेटियाचे, म्हणजे बंजारा घागऱ्याचे, फोटो लावले होते, आरसे, कवड्या, सगळं. मी शेरा लिहिला, "छान, पण टू एथनिक, जरा गावठी वाटतंय, मॉडर्न कर." त्यानंतर तिने एकही असाइनमेंट पाठवली नाही, आता लॉगइनही करत नाही. दुसरं म्हणजे कलर थिअरीच्या लेक्चरला मी म्हणाले की आपल्याकडे पांढरा हा शोकाचा रंग. नागपूरच्या एका मुलाने चॅटमध्ये लिहिलं, "मॅडम आमच्यात लग्नात पांढरंच असतं." मी ओके म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली. तेव्हापासून चॅट थंड आहे, कॅमेरे तर जवळजवळ सगळ्यांचे बंद. माझं काहीतरी चुकतंय हे कळतंय मला, पण सिलॅबस संस्थेचा आहे, तो मला बदलता येत नाही आणि शेवटी या मुलांना नोकऱ्या लागल्या पाहिजेत. मग मी फॅशन शिकवू की प्रत्येकाची संस्कृती सांभाळत बसू? आणि हो, मला अगंतुगंच करा.
– एक शिकवणारी

उत्तर:

अगं, पहिल्यांदा एक सांगते, तू तो शेरा जसाच्या तसा लिहून पाठवलास ना, मऊ करून नाही सांगितलास, त्यामुळेच मला तुला नीट उत्तर देता येतंय. मी गेली बावीस वर्षं पेपर कटिंग आणि ड्रेपिंग (कापड थेट डमीवर बसवून कपडा घडवणं) शिकवते, त्यातली शेवटची काही वर्षं ऑनलाइन, आणि असे शेरे मीही मारलेत. गोधडी शिवणाऱ्या एका बाईला मी "टाके एकसारखे नाहीत" म्हणून सहा मार्क दिले होते, दहापैकी. तिने आईच्या तीन साड्या एकावर एक घालून हाताने धावदोरा घातला होता, कडेकडेने सुरू करून आत मध्यापर्यंत, मधे कुठे चुणी नाही की झोळ नाही. तीन थर मशीनवर न सरकवता शिवून दाखव म्हटलं असतं तर मलाच जड गेलं असतं. मी टाक्याची लांबी बघत बसले आणि थर कसे धरून ठेवलेत ते बघितलंच नाही.

आधी पांढऱ्या रंगाचं बोलू, कारण तो घाव अजून उघडा आहे. तू म्हणालीस "आपल्याकडे", आणि तो मुलगा म्हणाला "आमच्यात". आपल्या मराठीत आपण वेगळं आणि आम्ही वेगळं, हे तर तुला माहितीय, आपण म्हटलं की समोरचा त्यात धरलेला असतो आणि आम्ही म्हटलं की तो बाहेर राहतो. तुझ्या "आपण"मध्ये त्याला जागाच नव्हती म्हणून तो "आम्ही" म्हणाला, ते पण मॅडम लावून, अदबीने, आणि तू स्लाइड बदललीस. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेव्हा लाखो माणसं पांढरे कपडे घालून आली होती, आणि आजही बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, नवराही पांढऱ्यात असतो. त्या मुलाच्या घरी भिंतीवर आईवडिलांच्या लग्नाचा फोटो असेल आणि त्यात आई पांढऱ्या साडीत असेल, आणि त्या रंगाला तू शोक म्हणालीस. वसईतल्या तुझ्या विद्यार्थिनीच्या आईने चर्चमध्ये पांढरा गाऊन घातला असेल, ती तर काही बोललीच नाही, पण ऐकलं तिनेही.

आणि गंमत नाही सांगत, खरंच, ते वाक्य सगळ्या हिंदू मराठी घरांसाठी सुद्धा खरं नव्हतं. जुन्या ब्राह्मण घरांत विधवा बाई लाल आलवण नेसायची, पांढरं नाही. म्हणजे एका वाक्यात तू कितीतरी घरं पुसलीस आणि जे वाक्य उरलं ते कुठल्यातरी पुस्तकातलं, "इंडियात व्हाइट म्हणजे मोर्निंग" असं परदेशी वाचकाला सांगायला लिहिलेलं, ते आपण उचललं आणि आपल्याच मुलांना शिकवलं.

तर पुढच्या लेक्चरला पहिली पाच मिनिटं यालाच दे. पर्सनल मेसेजमध्ये सॉरी म्हणून मोकळी होऊ नकोस, चूक सगळ्यांसमोर झाली तर दुरुस्तीही सगळ्यांसमोर व्हायला हवी. पण त्या मुलाचं नाव घेऊ नकोस आणि "सांग बरं तुमच्यात कसं असतं" म्हणून त्याला उभं करू नकोस. तू स्वतः सांग की मी चुकीचं शिकवलं, बरोबर असं असं आहे. मग विषयाचे दोन भाग कर. रंगचक्र, कुठला रंग कशाशेजारी उठून दिसतो, गडद-फिका, ऊबदार-थंड, हे डोळ्याचं काम आहे, ते नागपुरात आणि मिलानमध्ये सारखंच शिकवायचं. रंगाचा अर्थ मात्र घराघरातून येतो, तो स्लाइडवरून नाही शिकवता येत, तो विचारायचा. "तुमच्या घरात कुठल्या प्रसंगाला कुठला रंग चालतो आणि कुठला अजिबात चालत नाही, नावाशिवाय लिहा" असा एक साधा फॉर्म टाक, नाव विचारू नकोस. संक्रांतीचं काळं येईल, हळदीचं पिवळं येईल, हिरवा चुडा येईल, पांढरं दोन्ही बाजूंनी येईल, आणि तो फॉर्मच तुझी पुढची स्लाइड होईल.

आता तांड्यावरची मुलगी. तू तिला लिहिलंस "टू एथनिक", "गावठी", "मॉडर्न". मला सांग, या तिन्ही शब्दांत तिने नक्की काय बदलायचं होतं? घेर कमी करायचा होता? आरसे काढायचे होते? रंग दोनवर आणायचे होते? तिला काहीच कळलं नसणार, कळलं एवढंच की आजी चालत नाही. तोच शेरा तू लांब कोट लावणाऱ्या मुलीला "टू युरोपियन" असा दिला असतास का? नाही ना, तिला तू लिहिलं असशील की लेयरिंग बघ, टेक्स्चर वाढव. म्हणजे तिला कारागिरीचा शेरा आणि हिला ओळखीचा शेरा. इथेच सगळं बिनसतं, आणि तुझ्या बाकी सगळ्या प्रश्नांची मुळी इथेच आहे.

फेटिया हा घेरदार घागरा असतो बघ, जाड सुती कापडाचा, वर कांचळी, आणि त्यावरचं काम म्हणजे आरसे, कवड्या, नाणी, कापडाचे तुकडे जोडून बसवलेले, आणि हातटाके. तुझ्याच सिलॅबसमध्ये अप्लिक आहे, पॅचवर्क आहे, सरफेस ऑर्नमेंटेशन आहे, गॅदर्स आहेत, घेराचं गणित आहे. हे सगळं त्या एका फोटोत होतं! तिला विचारायचं होतं की घेर कमरेला कसा गोळा केलाय, आरशाचं वजन कापड कसं पेलतं, अस्तर आहे का, जिथे जास्त घासलं जातं तिथे आजीने काय केलंय, आणि यातली एकच गोष्ट उचलून तू हिवाळ्याच्या जॅकेटवर आणलीस तर कुठली आणशील, कॉलरवर की कफवर की पाठीवर, आणि का. हा शेरा कडकच आहे, उलट तुझ्या शेऱ्यापेक्षा कडक आहे, कारण यात तिला डोकं लावावं लागतं. फक्त यात आजीला बाहेर नाही काढलं.

तू म्हणतेस सिलॅबस बदलता येत नाही. नको बदलू. सिलॅबसमध्ये लिहिलंय ग्रेन लाइन शिकवा, डार्ट शिकवा, ड्रेपिंग शिकवा, ते कुठल्या कपड्यावर शिकवा असं कुठे लिहिलंय?

माझ्याच बॅचमधलं सांगते, २०२० च्या लॉकडाऊनमधली. मी ग्रेन लाइन शिकवत होते, बाण काढून, कापडाची उभी दिशा वगैरे, आणि समोर सगळे गप्प. येवल्याची एक मुलगी होती, विणकराच्या घरातली, तिने माइक चालू केला आणि म्हणाली, "मॅडम म्हणजे ताण्याच्या बाजूने का?" मी म्हटलं हो. तर तिने फोन उचलला आणि मागावर धरला. नेटवर्क जेमतेम, चित्र अडकत होतं, पण दिसत होतं की ताणा कसा कडक ओढून बांधलाय आणि तिचे वडील रंगीत रेशमाच्या तिल्ल्या, म्हणजे छोट्या कांड्या, एकेक करून ताण्यातून घालतायत, मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात तो अडकवतात आणि तिल्ली माघारी फिरते. ती म्हणाली, "उभा धागा आधीच ताणलेला असतो ना, म्हणून तो पुढे वाढत नाही, आडवा थोडा देतो." ग्रेन लाइन संपली! मी जे पंधरा मिनिटं बाण काढून सांगत होते ते तिने एका वाक्यात सांगितलं, आणि वरून मला हेही कळलं की पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा का दिसतो, तर धागे मागे लोंबत नाहीत, एकमेकांत अडकवून तिथल्या तिथे परततात. मी इतकी वर्षं पैठणी हातात घेत होते, पण हे असं डोळ्यांनी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी वर्गात वेगळीच झाली, प्रश्न विचारायला लागली, दुसऱ्यांचे पॅटर्न तपासायला लागली.

तुझ्या बॅचमध्ये इचलकरंजीचं कुणी आहे म्हणतेस, तर त्याला कापडाचा काउंट, रीड-पिक (सुताची जाडी, विणीची दाटी) हे शब्द घरातच कानावर पडले असतील, यंत्रमागाचा आवाज ऐकत झोपलेलं पोर असेल ते. टेक्स्टाइलचा धडा त्याला विचारून सुरू कर. सोलापूरच्या मुलीला चादरीचं विचार. दुबईवालीला तिथे खण मिळणार नाही, पण अबायाचं शिवणकाम तिच्या गल्लीत चालत असेल, खांद्यावरून सरळ पडणाऱ्या कपड्याचा तोल कसा साधतात हे ती जाऊन बघून येऊ शकते.

डार्टचं, म्हणजे फिटिंगसाठी कापडात घालतो त्या टोकदार चिमटीचं, घे. आपण सरळ सुरू करतो, बेसिक बॉडिस ब्लॉक, इथे बस्ट डार्ट, इथे वेस्ट डार्ट. त्याऐवजी गाठीच्या चोळीने सुरू करून बघ. जुनी खणाची चोळी घरात असेल कुणाच्या तरी, आजीच्या ट्रंकेत. तीत टक्स नसतात, तुकडे असे कापून जोडलेले असतात की जोडातूनच छातीला जागा होते, काठ बरोबर बाहीवर येतो, आणि पुढे गाठ मारली की फिटिंग हवं तसं घट्ट-सैल. मुलांना सांग की ती उलटी करा, शिवणी मोजा, कागदावर प्रत्येक तुकडा काढा. मग विचार की हीच जागा एका टक्सने करायची तर टक्स कुठे येईल. आता डार्ट म्हणजे काय हे त्यांना पाठ करावं लागणार नाही, कारण सपाट कापड उंचसखल अंगावर बसवायचं कसं हा प्रश्न त्यांनी हातात धरलेला असेल आणि डार्ट हे त्याचं एक उत्तर आहे, एकमेव नाही. कळीदार कुर्त्यालाही हेच, आयताचे आणि कळ्यांचे तुकडे, बगलेत चौकोनी चौबगला, कापड जवळजवळ वाया जात नाही. आज परदेशात झीरो वेस्ट म्हणून कोर्स चालतात, आपल्या मुलांना ते घरच्या कपाटातून सुरू करता येईल.

ड्रेपिंगला डमी लागते, मांजरपाट लागतं, आणि डमी किती महाग असते ते तुला माहितीय, तांड्यावर आणि चाळीत कुठून येणार? पण नऊवारी येईल. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एक टाका न घालता, परकर न घालता, दोन पाय वेगळे करून कंबरेला धरून ठेवतं, आणि त्यात बाई शेतात वाकते आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालते. कोळणीचं नेसणं वेगळं, शेतकरी बाईचं वेगळं, पेशवाई थाटाचं वेगळं. कासोटा खोचल्यावर जास्तीचं कापड कुठे कुठे जातं तिथे खडूने खुणा करायला सांग आणि सोडून जमिनीवर अंथरायला सांग. त्या खुणा बघून ट्राउझरचा क्रॉच कर्व्ह, म्हणजे दोन पायांमधला गोलवा, शिकवून बघ एकदा. मी शिकवलाय, कळतो.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर मला वाटतं तू ते अंगावर घेऊ नकोस, ती काही तुझ्यावरची नाराजी नाही, निदान सगळ्यांची नाही. एका खोलीचं घर असतं, मागे कुणी जेवत असतं, भाऊ झोपलेला असतो, कुणाला घर दाखवायचं नसतं, कुणाच्या घरी मुलीने अनोळखी लोकांसमोर चेहरा दाखवणं आवडत नाही. शिवणकामात चेहरा हवाय कशाला, हात हवेत. दोन स्टीलचे डबे एकमेकांवर ठेवायचे, वर फोन आडवा, कॅमेरा कडेच्या बाहेर आणि खाली बघणारा, मागे वजनाला अजून एक डबा. एवढं केलं की हात, कापड, कात्री स्वच्छ दिसतं. मी "कॅमेरा चालू करा" म्हणायचं सोडलं आणि "हात दाखवा" म्हणायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात निम्म्याहून जास्त हात दिसायला लागले.

मापांनाही तसंच. ऑनलाइन लेक्चरमध्ये "घरातल्या कुणाची तरी छाती, कंबर, हिप मोजा आणि व्हिडिओ पाठवा" असं सांगितलं की अर्ध्या मुली त्या दिवशी आजारी पडतात. आपल्याकडे शिंप्याकडे जाताना आपण काय नेतो? मापाचा ब्लाउज. तोच काढायला सांग. सपाट अंथरायचा, मुंढा, शोल्डर, गळा, छाती, उंची सगळं टेपने मोजायचं, आणि मग पुस्तकातल्या साइज चार्टशेजारी ते आकडे ठेवायचे. जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत हाच धडा. आपल्याकडे रेडीमेडचे साइज बरेचसे ब्रिटन-अमेरिकेच्या चार्टवरून आले, म्हणून तर निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने इंडियासाइझचा सर्व्हे हातात घेतला, मुंबईसकट सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचा. मुलीला जेव्हा कळतं की चूक तिच्या खांद्यांची नाही, चार्टची आहे, तेव्हा ती ताठ बसते गं.

शब्दांचंही थोडं बघ. आर्महोल आणि मुंढा, बायस आणि उरेप, डार्ट आणि टक्स, दोन्ही शिकव, कारण एक्सपोर्ट हाउसच्या टेक पॅकमध्ये, म्हणजे कपड्याच्या मापं-सूचनांच्या कागदांत, इंग्रजीच असणार आणि ते त्यांना यायलाच हवं, त्यात सूट नाही. पण इंग्रजी शब्द आला नाही म्हणजे गोष्ट येत नाही असं धरू नकोस. बॅचची एक शेअर शीट कर, एका कॉलममध्ये इंग्रजी शब्द, एकात शिंप्याचा शब्द, एकात घरचा, मग तो अहिराणी असो, बंजाऱ्यांची गोरबोली असो, वऱ्हाडी असो. कुणी लुगडं म्हणेल, कुणी पातळ, कुणी साडी, राहू दे तिन्ही.

वेळापत्रकाचं पटकन सांगते. ६ डिसेंबरला सबमिशन ठेवू नकोस, मुलं चैत्यभूमीला गेलेली असतात. रमजानमध्ये संध्याकाळचं लेक्चर अर्धा तास सरकव. लग्नसराईत ज्यांच्या घरी मशीन आहे त्या मुली रात्रीचे दोन वाजेपर्यंत ब्लाउज शिवत असतात, त्यावर घर चालतं, तर त्या शिवलेल्या ब्लाउजचेच फोटो आणि मापं असाइनमेंट म्हणून घे ना. व्हिडिओ लहान तुकड्यांत टाक, शेजारी ऑडिओ आणि फोटोची पीडीएफ. थ्रीडी सॉफ्टवेअर मोबाइलवर चालत नाही, त्याला कागदाचा पर्याय दे आणि मार्क सारखे दे. आणि ऑटम-विंटर जरूर शिकव, कारण परदेशी बायर त्याच कॅलेंडरने ऑर्डर देतो, हे सांगून शिकव. पण कलेक्शन बांधायची पद्धत तीच ठेवून "लग्नसराई" नाहीतर "आषाढातला प्रवास" असा ऑप्शन दिलास तर पानगळीचे फोटो आपोआप कमी होतील, पानगळ त्यांनी बघितलीच नाही तर ती लावतील काय.

आता एक भीती आहे मला, म्हणून आधीच सांगते. हे सगळं वाचून तू उत्साहाने "आपली संस्कृती" आठवडा ठेवशील, सगळे पैठणी आणि नथ काढतील, फोटो ग्रुपवर पडतील आणि पुढच्या सोमवारी परत तेच. तसं करू नकोस. आणि तांड्यावरच्या मुलीला बंजारा समाजाची वकील करू नकोस, नागपूरच्या मुलाला बौद्धांचा, वसईच्या मुलीला ख्रिश्चनांची. काहींना स्वतःच्या घरचं सांगायचं असतं, काहींना अजिबात नसतं, त्यांनी आडनावावरून बरंच भोगलेलं असतं आणि या ३८ जणांत त्यांना फक्त डिझायनर म्हणून बसायचं असतं. त्यांना लांब कोटच करायचा असेल तर लांब कोट करू दे, तोही मनापासून तपास. बंजारा मुलीने बंजाराच करायचं हा पण एक जुलूमच झाला.

मार्कांत मात्र एक गोष्ट घाल, दहा मार्कांची का होईना. कुठून घेतलं, ते कोण बनवतं, त्यातलं काय घेतलं आणि काय बदललं, हे चार ओळींत लिहायचं, आणि हे सगळ्यांना, पुण्यातल्या मुलांना आधी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि नावही घेतलं नाही, २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली चप्पल, आणि आपल्याकडून ओरड झाल्यावर मग मान्य केलं की प्रेरणा भारतीय चपलेची आहे. तेव्हा आपल्याला किती लागलं! पण आपल्या वर्गात कुणी वारलीचा लग्नचौक उचलून पायपुसण्यावर छापला तर आपण छान म्हणतो. त्या चौकात पालघट देवी असते, लग्नात सवाशिणी तो भिंतीवर काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. तुझी डहाणूची मुलगी ते पायपुसणं बघून काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही, कॅमेरा बंद असेल. म्हणून हे शिकवायचं काम तुझं, तिचं नाही. कोल्हापुरी चपलेमागे चामडं कमावणारी, पट्टे विणणारी घरं आहेत, त्या घरातला मुलगा उद्या तुझ्या बॅचला आला तर त्याला आपली कला सांगताना जात लपवावी लागू नये इतका वर्ग स्वच्छ ठेवायचा, हे मी कळकळीने सांगते.

तुझा शेवटचा प्रश्न, नोकरी की संस्कृती. मला तो प्रश्नच पटत नाही. अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज म्हणून शिक्षणातल्या मोठ्या अभ्यासक आहेत, काळ्या मुलांना चांगलं शिकवणाऱ्या शिक्षकांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९९५ मध्ये जे मांडलं त्यात पहिली अट हीच की मुलांचा अभ्यास पक्का झाला पाहिजे, मग आपल्या संस्कृतीत पाय घट्ट राहणं, मग भोवतालच्या अन्यायाकडे डोळसपणे बघणं. कुठेही म्हटलेलं नाही की मुलांना सोपं द्या. शिलाई वाकडी असेल तर उसवायला लावायची, बंजारा असो की ब्राह्मण. आणि गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स बघ ना, जगभर शो केले, पण कुणबी साडीचं विणकाम परत उभं करायला खटपट केली, ती चौकड्यांची लाल साडी आज लोक हौसेने घेतात. २०१४ ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांना कुणी एथनिक म्हणून बाजूला नाही ठेवलं. इंटरव्ह्यूला तुझे ३८ पोर्टफोलिओ गेले आणि ३७ मध्ये तीच पानगळ असेल तर घेणारा कुठल्या पोर्टफोलिओवर थांबेल ते तूच सांग.

त्या मुलीला आज मेसेज कर. फोन नको, फोनवर ती "नाही मॅडम, तसं काही नाही" म्हणेल आणि विषय संपेल. लिहून पाठव, म्हणजे ती दोनदा वाचेल. लांबण लावू नकोस आणि "तुला वाईट वाटलं असेल तर" असलं काही लिहू नकोस. असं काहीतरी लिही:

"तुझ्या मूडबोर्डवर मी जो शेरा दिला तो चुकीचा होता. गावठी हा शब्द मी वापरायला नको होता, त्यात तुझ्या कामाबद्दल काहीच नव्हतं. मी तो मूडबोर्ड परत नीट बघितला आणि शेरा काढून नवीन दिलाय, मार्कही बदललेत. राहिलेल्या असाइनमेंटना मी एक महिना वाढवून घेतलाय, जमेल तशा पाठव, नाही जमलं तर तसं सांग. आणि आजीची हरकत नसेल तर फेटियाचा आतल्या बाजूचा एक फोटो मिळेल का? कवड्या जिथे लावल्यात तिथे मागून दोरा कसा बांधलाय ते मला फोटोत कळत नाहीये, मला ते शिकायचंय."

पाठवायच्या आधी शेरा खरंच बदल, मुदत खरंच वाढवून घे संस्थेकडून. आणि उत्तर यायला आठ-पंधरा दिवस लागले तरी परत परत मेसेज टाकू नकोस, तिला वेळ घेऊ दे. फोटो आला तर मला पण सांग, तो दोरा मलाही बघायचाय.